अबोल्याची कडी

पळणाऱ्यांच्या क्लबात दोघी जावा होत्या. सासूच्या शिलाई मशीनवरून बिनसलं, तेव्हापासून तीन वर्षं अबोला. शर्यत ऐंशी किलोमीटरची, आठ जणांनी वाटून पळायची. मनगटावरचा पट्टा पुढच्याला देताना बोलावं लागत नाही, म्हणून कोचनं दोघींना लागोपाठ ठेवलं. थोरली सगळ्यांच्या आधी पट्टा द्यायच्या जागी पोचली, तर धाकटीचा पत्ता नाही. बाजूच्या फिरत्या संडासाचं दार आतून धडधडत होतं. "कोण आहे आत?" थोरली ओरडली. बारीक आवाज आला, "मीच, ताई. कडी अडकलीय." "अगं, मला हाक मारायची ना!" "आपण बोलत नाही ना!" थोरलीनं दार कडीसकट उखडलं, पट्टा धाकटीच्या मनगटात अडकवला आणि पाठीत धपाटा घातला, "पळ, भवाने!" संघ चौथा आला. परतताना गाडीत दोघी अशा कडाकडा भांडल्या, की दोन्ही नवऱ्यांना हायसं वाटलं.