पायलटची बाटली

मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या, तेव्हा हॉरेस ओडेलला वाटलं, त्यांना चहाचं काहीतरी विचारायचं असेल. डिसेंबरातल्या त्या रविवारी भर दुपारीच अंधारून आलं होतं. गावच्या हॉलमधला हीटर नुसताच कुरकुरत होता, ऊब काही देत नव्हता.

हॅल डेनिंगच्या बँडवर अमेरिका नाचली, अर्धं इंग्लंडही नाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तो याच गावाबाहेरच्या धावपट्टीवरून लहानशा विमानात बसून फ्रान्सला निघाला आणि इंग्लिश खाडीवर कुठेतरी नाहीसा झाला. विमान सापडलं नाही, माणसंही नाहीत. तेव्हापासून गाव दरवर्षी त्याच्या नावाने जमतं, नाताळची गोड पेस्ट्री खातं आणि डेनिंगचं काय झालं असेल यावर तावातावाने भांडतं. नियम एकच, गेल्या वर्षीचं शिळं चालायचं नाही. त्यामुळे बिचारा डेनिंग एका वर्षी जर्मनांच्या कैदेत होता, तर एका वर्षी लिस्बनमध्ये बेकरी चालवत होता.

गेल्या वर्षी हॉरेसकडे नवं काहीच नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, गप्प बसणं रक्तात नाही. हॉलकडे चालताना त्याला सुचलं ते त्याने रेटून सांगितलं. निघायच्या आधी पायलट दुकानात केस कापायला आला होता. हॉरेस तेव्हा पोरसवदा. कोटावरचे केस झटकताना त्याला खिशात व्हिस्कीची बाटली दिसली, अर्धी रिकामी! वर त्याने विमान कसं झोकांड्या खात उडालं असेल त्याची नक्कलही केली. हॉल हसून हसून लोटपोट झाला. चार दिवसांनी वर्तमानपत्रातही आलं.

"मी विनिफ्रेड पेल," बाई म्हणाल्या. "ग्रिम्सबीहून आलेय. त्या विमानाचा पायलट माझा भाऊ. एडी."

हॉरेसने ओळखलं, आता या आपल्याला फाडून खाणार. खाऊ देत, असंही त्याला वाटलं.

"मी भांडायला नाही आले. माफी मागायला आलेय." त्यांनी पर्स छातीशी धरली होती. "आमचं घर चॅपलचं, कडक धार्मिक. लहानपणी आम्ही दोघांनी एकाच दिवशी शपथ घेतलेली, दारूला शिवणार नाही म्हणून. आई सगळ्यांना सांगायची, माझा एडी शेवटपर्यंत शपथेला जागला. मग ते पेपरात आलं. आईने त्याचा फोटो स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवला. वसंतात गेली ती. शेवटपर्यंत मला फोटो परत लावू दिला नाही."

कुणीतरी घसा खाकरला.

"तुम्ही धावपट्टीजवळ स्मारकाचा दगड बसवताय. डेनिंगसाहेबांच्या खाली एडीचंही नाव घालणार आहात, असं कळलं. घालू नका. एवढा मोठा माणूस तुम्ही त्याच्या भरवशावर सोडला होता. आम्हाला फार लाज वाटते."

हॉरेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला.

"बाटली नव्हती," तो म्हणाला. "मी बनवलं ते. तुमच्या भावाने आमच्या दुकानात कधी पाऊल ठेवलं नाही. मी त्याला उभ्या जन्मात बघितलेलं नाही."

"नव्हती काय, हॉरेस!" लेन टिलकॉक जागेवरूनच ओरडला. "माझ्या बापाने बघितली होती की! धावपट्टीच्या फाटकावर पहाऱ्याला होता तो."

"लेन, गेल्या वर्षापर्यंत बापाचं हे कधी बोललास का रे?"

"कुणी विचारलंच नव्हतं. आणि हे बघ, मला काय म्हणायचं ते म्हण. पण माझ्या मेलेल्या बापाला खोटं पाडू नकोस. शोभत नाही."

"अरे, मी शपथेवर सांगतो..."

"बसा, हॉरेस, बसा." अध्यक्षा बेरिल गुडशिप यांचे डोळे भरून आले होते. "बाईंचं मन राखायला धडपडताय, कळतंय आम्हाला. माणूस असावा तर असा."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. हॉरेस हात हलवून नाही नाही म्हणत राहिला, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. बेरिलने हळुवार आवाजात विचारलं, घरच्यांची इच्छा म्हणून दगडावरचं नाव वगळावं का? हात वर झाले. हॉरेसचा झाला नाही. तो विनयच समजला गेला.

माणसं चहाकडे वळली. मिस पेल खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्याजवळ आल्या. आपल्या दोन्ही हातांत त्यांनी त्याचा हात घेतला.

"बाई, माझ्यावर विश्वास ठेवा," हॉरेस म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "तुमचा भाऊ शुद्धीत होता. मी हलकट आहे."

"असं नका हो बोलू." त्यांनी त्याचा हात थोपटला. "परक्या बाईसाठी कोण एवढं करतं? आईने हे ऐकायला हवं होतं. खोटं असलं, तरी तिला बरं वाटलं असतं."