वरच्या खुणेपर्यंत

मिस्त्रीने इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं आणि त्या उघड्या तोंडावर तळहात धरला. इंजिन चालूच होतं. हात उचलला तेव्हा तळव्यावर तेलाचे बारीक थेंब होते. ते त्याने आधी मुलीला दाखवले, मग तिच्या म्हाताऱ्या बापाला, आणि हात पँटला पुसला.

“आतून तेल फुंकतंय,” तो म्हणाला.

एकतीस वर्षं म्हाताऱ्याने हा ट्रक चालवला होता. डोळे अधू झाले तेव्हा किल्ली मुलीच्या हातात दिली. मुलगी हाताची पक्की होती आणि बोलण्याचीही. आज सकाळीच तिने सांगून टाकलं होतं: इंजिन खोलायची वेळ आली तर ट्रक भंगारात. घरात ही दोघंच होती.

आणि इंजिन चांगलं निघालं, तर उद्या ती लोखंडी पाइप भरून डोंगरापलीकडे निघणार होती. गेले सहा महिने तिने गावातल्या गावात माल टाकला होता. रोज संध्याकाळी ट्रक दारात यायचा. उद्याचा रस्ता म्हणजे दिवसभराचा चढ होता. त्या चढावर इंजिन जाम झालं आणि भरला ट्रक मागे सरकायला लागला, तर पुढचं कोणाच्या हातात राहत नाही. म्हणून तर ती मिस्त्रीकडे आली होती.

मिस्त्री सायलेन्सरपाशी जाऊन बसला. हा माणूस गाड्यांशी मोकळेपणाने बोलायचा आणि गिऱ्हाइकांशी पुटपुटायचा. निळसर धूर त्याने नाकाजवळ ओढून घेतला, पुन्हा ओढून घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

“पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. नाहीतर मग डिझेल नीट जळत नसेल, ते आत फवारणारे नोझल खराब असतील. रिंगा असतील तर सगळं इंजिन खोलायचं. नोझल असतील तर तासाभराचं काम.”

“आणि कळायचं कसं?” मुलीने विचारलं.

“ऑइल किती पितं?”

“अजिबात नाही.”

मिस्त्रीने मान वर केली. “अजिबात म्हणजे?”

“सहा महिन्यांत वरून थेंबभर टाकलं नाही, काका. आधी रोज सकाळी ऑइलची पट्टी बघायचे. कायम वरच्या खुणेपर्यंत. शेवटी बघायचंच सोडून दिलं.”

“बंद कर इंजिन.”

तिने इंजिन बंद केलं. ऑइल खाली बसायला वेळ लागतो, म्हणून तिघंही थांबले. मिस्त्री उलट्या ठेवलेल्या पेटीवर टेकला. मुलगी टायरमध्ये अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने काढत बसली. म्हाताऱ्याला बसवेना. तो गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पोरगी नापास होणार की पास, हे कळायची वाट बघताना तिच्या लहानपणीही त्याचा जीव असा टांगणीला लागला नव्हता.

“ड्रायव्हरसाहेब, बसा की,” मिस्त्री म्हणाला. “तुमचं ऑपरेशन नाहीये.”

मग त्याने पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली आणि उजेडात धरली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं. डिझेल मिसळून पातळी वाढली असेल का, म्हणून त्याने पट्टी हुंगली. डिझेलचा वासही नव्हता.

“रिंगा गेलेलं इंजिन ऑइल पिणारच,” मिस्त्री म्हणाला. “हे पीत नाही, म्हणजे रिंगा शाबूत आहेत. फुंकतंय थोडं, पण या वयात तेवढं चालायचं. नोझल साफ करून देतो. जा बिनधास्त.”

मुलगी त्या दिवसात पहिल्यांदा हसली. “सुटलात बाबा. अजून पाच वर्षं तरी तुमचा लाडका भंगारात जात नाही.”

म्हाताऱ्याला हेच हवं होतं. तोंडातून ब्रही न काढता मिळालं होतं. आता फक्त घरी जायचं होतं. पण तो निघाला नाही. आनंद झाला असता तर तो कळला असता. हे काहीतरी वेगळंच होतं.

मिस्त्री पाने शोधायला आत वळला. मुलीने पाइपवाल्याला फोन लावला. “हो, पास झाली गाडी. पाइप आजच भरून ठेवा, सकाळी लवकर निघते. नाही हो, मुक्काम कशाला? एका दमात चढून जाते.”

“वाटेत ऑइल बघत जाशील ना?” म्हाताऱ्याने विचारलं.

तिने फोनवर हात ठेवला. “कशाला? आत्ता ऐकलंत ना तुम्ही?”

“दुपारी एकदा थांबून...”

“बाबा, चढावर भरला ट्रक कोण थांबवतं? तुम्हीच शिकवलंत मला.”

ती पुन्हा फोनवर बोलायला लागली. म्हातारा ट्रककडे बघत उभा राहिला. मग तो आत गेला आणि त्याने मिस्त्रीच्या हातातला पाना काढून घेतला.

“नोझल राहू द्या, मिस्त्री. इंजिन खोला.”

मुलगी फोन कानाला तसाच धरून दारात आली. “काय चाललंय तुमचं? ते ऑइल पीत नाही, बाबा.”

“पितं,” म्हातारा म्हणाला. “दोन लिटर. रोज सकाळी तू उठायच्या आत मी भरून ठेवतो.”