कुट्टीच्या टपरीवर

इरफान राजापूरच्या घरात बसून दोहाच्या बंदरावरचं हातापायांचं यंत्र चालवायचा. कामासाठी आखातात आता कुणालाच जावं लागत नव्हतं. पाळी संपली तसे अब्बा म्हणाले, "जरा तिथल्या माझ्या जुन्या गल्लीत ने की रे."

त्याने यंत्र तिकडे वळवलं. पडद्यावर कामगारांच्या खोल्यांना कुलपं दिसली. उघडी होती फक्त एक चहाची टपरी.

"कुट्टी! अरे, मी दाऊद!" अब्बा माइकमध्ये ओरडले.

म्हातारा कुट्टी यंत्राकडे बघत राहिला. मग सवयीने वेलदोडा ठेचून त्याने चहा उकळला आणि भरलेला ग्लास यंत्रापुढे ठेवला.

इरफानने लोखंडी बोटांनी तो अलगद उचलला.

"गरम असेल," म्हणत इकडे अब्बांनी फुंकर घातली.