फक्त रंग

तिने झाडपाल्याचा अर्क वापरून झिंक ऑक्साइडची अतिसूक्ष्म पावडर बनवली होती. दादाच्या कापड रंगवायच्या कारखान्यातलं लालभडक सांडपाणी त्या पावडरीने उन्हात नितळ झालं.

"दादा, यातला फक्त रंग गेलाय आणि जंतू मेलेत. ॲसिड, क्षार तसेच आहेत. त्यासाठी वेगळी यंत्रणा बसव."

"लोक बोंब मारतात ती रंगाची. तुझी अक्कल प्रयोगशाळेत पाजळ. पावडर ठेव आणि चालती हो."

"नाही देणार."

"नको देऊस. कृती तूच शोधनिबंधात छापली आहेस ना? माझी माणसं बनवतील."

महिन्याभरात कारखान्याचं सांडपाणी वाहून नेणारा नाला स्वच्छ वाहू लागला. एके दिवशी खालच्या वस्तीतल्या बायका त्यात कळशा भरताना तिला दिसल्या.

"पिऊ नका! विषारी आहे ते!" ती ओरडली.

"काहीतरीच काय ताई? तळ दिसतोय की!" एकीने हसत लेकराच्या तोंडाला पेला लावला. तिने तो हिसकावून फेकला. बाई भांडायला उठली, बाकीच्यांनी कळशा भरणं चालूच ठेवलं.

तशी ती धावत कारखान्यात शिरली.

दादा शिव्या घालत मागे पळत होता, तरी तिने लाल रंगाचा अख्खा डबा नाल्यात उपडा केला.