चोपन्न किलो

जामिराने रक्तदाबाचा पट्टा इमानअलीच्या दंडावर गुंडाळला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. दाराशी केंजेगुल, त्याची लेक, अंगातला कोटही न काढता उभी होती. तिने शहरातून आणलेली भाड्याची गाडी ड्रायव्हरने बाहेर चालूच ठेवली होती. घाटात बर्फ गोठायच्या आत परत फिरायचं होतं.

"नाडी अठ्ठ्याहत्तर," जामिरा म्हणाली. "छान आहे."

"आधीची नको सांगू मला. आईला उचलल्यावरची सांग. मिनिटाभरात शंभराच्या आत आली नाही, तर आई माझ्याबरोबर शहरात, वृद्धाश्रमात. बाबा, ठरलंय ना?"

"ठरलंय," इमानअली म्हणाला.

"मला कुणी विचारलं?" रजयांच्या ढिगाखालून उलकान बोलली. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं, जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. "मेंढीचा सौदासुद्धा मेंढीचे दात बघून करतात."

मागच्या हिवाळ्यात तिला खुर्चीत बसवतानाच इमानअली छाती धरून कोसळला होता. तेव्हापासून तिला उचलणं-बसवणं, न्हाऊ घालणं सगळं सुनेकडे. सुनेला आता सातवा महिना होता. आणि केंजेगुलला आई जगवताना बाप घालवायचा नव्हता.

गावच्या दवाखान्यातली ही जामिरा नर्स. तिच्या देखरेखीखाली म्हाताऱ्याने गोठ्यात आधी मिठाची पिशवी उचलली, मग कोळशाची बादली, मग अर्धं पोतं जव. गेला महिनाभर पिठाचं अख्खं पोतं, पन्नास किलोंचं. दवाखान्याच्या जुन्या कागदावर उलकानचं वजन चोपन्न होतं, म्हणून पोत्याला वर चार किलो मीठ बांधलेलं. "हृदयही मांसाचंच आहे, आजोबा," जामिरा सांगायची. "बेताबेताने कामाला लावलं की शिकतं. फक्त श्वास कोंडायचा नाही. उचलताना तोंडाने काहीतरी म्हणत राहायचं." तो आपल्या सात पूर्वजांची नावं म्हणायचा. एका श्वासाला एक नाव. सातव्या नावाला पोतं छातीशी यायचं. नाडी एकशे पंधरापर्यंत चढायची आणि मिनिटात नव्वदवर उतरायची. असं एकदा नाही, वीस दिवस झालं होतं.

त्याने रजया बाजूला केल्या. एक हात तिच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीमागे. तिने त्याच्या मानेला मिठी घातली.

"पडलास तर माझ्या अंगावर नको पडू, म्हाताऱ्या."

"पोतं बरं. बडबडत नाही."

"मग पोत्याशीच संसार करायचास."

त्याने पाय रोवले. "जुमाबाय," बापाचं नाव. "सारिक," आजोबांचं.

दुसऱ्या नावालाच ती वर आली. चोपन्न किलोंसाठी तयार झालेले हात तिला घेऊन असे वर गेले, की तिचं डोकं त्याच्या हनुवटीवर आदळलं. तिच्या अंगात दोन स्वेटर होते, वर कातड्याची बंडी. त्या सगळ्याच्या आत, ज्याला धरावं असं काही त्याच्या हातांना सापडत नव्हतं.

तो तसाच उभा राहिला.

"जड आहे ना मी?" तिने त्याच्या कानाशी विचारलं.

"तिलेके," तो कण्हत म्हणाला. मग गुडघे थोडे वाकवून, "बोरुबाय." उरलेली तीन नावंही त्याने घेतली, एकेक ओढत ओढत. सातव्या नावाला तिला खुर्चीत ठेवलं.

जामिराने त्याचं मनगट धरलं. मिनिट झालं. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा मोजायला लागली.

"किती?" केंजेगुलने विचारलं.

"एकशे अडतीस." जामिरा खाली वाकली. "आजोबा, पोत्याला असं कधी होत नव्हतं. छातीत दुखतंय? काय होतंय?"

इमानअलीने नकारार्थी मान हलवली. नाडी ओझ्याने चढलेली नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. उलकान त्याच्याकडेच बघत होती.

"जड होती," तो म्हणाला. "पोत्यापेक्षा जड."

"बघितलंत?" केंजेगुलचा आवाज फुटला. "मी काय तुमची वैरीण आहे का, बाबा? दोघांनाही एकदम पुरू का मी?"

तिने कोट काढून फेकला आणि आईसमोर येऊन वाकली. "चल आई. धर मला. घट्ट धर."

तिने सगळा जोर लावून आईला उचललं, आणि तो जोर वाया जाऊन आईसकट दोन पावलं मागे जाऊन भिंतीवर आपटली.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

केंजेगुल आईला छातीशी धरून उभी होती. तिने बापाकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी, नाही अशी हलवली. भोंगा पुन्हा वाजला. तिने आईला परत खुर्चीत बसवलं, भरलेला वाडगा ठेवावा तसं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "गाडीपर्यंत नाही नेता येणार मला तुला. केवढी जड झालीयस."

"मग!" उलकानने मांडीवरची शाल नीट केली. "आणि म्हणे, मी जेवत नाही."