वच्छलाबाईंचं वकीलपत्र

"कुऱ्हाड कुठं आहे?" ॲडव्होकेट ललिता इंगळेंनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"दाराआड."

"धुतली?"

"धुवाची कावून?" समोर बसलेल्या वच्छलाबाईंना प्रश्नच विचित्र वाटला.

ललिताबाई मनातून खूश झाल्या. एकोणतीस वर्षं फौजदारी वकिली करताना त्यांनी धुतलेले विळे, जाळलेले सदरे आणि विहिरीत टाकलेले मोबाइल पुष्कळ पाहिले होते. वकिलाकडे यायच्या आधी माणसं नको ती हुशारी करतात, आणि मग कोर्टात वकिलाच्या नाकी नऊ येतात. ही साठीची बाई मात्र तेल्हाऱ्याहून एसटीने निघून थेट जठारपेठेतल्या त्यांच्या ऑफिसात आली होती. लुगडं स्वच्छ, आवाज संथ.

"पोलिसायले माहीत आहे?"

"नाही. आधी तुमच्याकडे आली."

"चांगलं केलं. आणि पायल?"

पायल म्हणजे वच्छलाबाईंची एकुलती एक लेक. जावई किशोर चार वर्षं तिला मारत होता. दोनदा हात मोडला, एकदा पोटातलं मूल गेलं. ती माहेरी निघून आली, तर हा पिऊन तिथेही येऊ लागला. एवढं सांगताना मात्र वच्छलाबाई रडल्या होत्या.

"पायलले कालच वरूडले धाडलं, माह्या बहिणीकडे. तिले ठाण्यात बोलावतीन का? माह्यं काहीबी होवो, पण तिले यात ओढू नका."

"कालच धाडलं हे कोणापाशी बोलू नका, मावशी. ठरवून केलं म्हणतीन. रागाच्या भरात झालं, असंच सांगायचं."

"रागात नाही, बाई. लय दिवस विचार केला."

ललिताबाईंनी कपाळावर हात मारला. खरं बोलणारा अशील म्हणजे डोक्याला ताप. तरी ही बाई त्यांना आवडली. किशोरबद्दल त्यांना तसूभरही वाईट वाटलं नाही. या खटल्यात जीव ओतायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं.

वच्छलाबाईंनी वकीलपत्रावर एकेक अक्षर जपून काढत सही केली.

"आपण दोघी मिळून ठाण्यात हजर होऊ," ललिताबाई म्हणाल्या. "पायलच्या केसालाही धक्का लागणार नाही. हा माझा शब्द."

वच्छलाबाईंचा चेहरा सैलावला. त्यांना एवढंच ऐकायचं होतं. त्यांनी पिशवी उचलली.

"थांबा, वेळ लिहायची राहिली. किशोर घरी किती वाजता आला?"

वच्छलाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या लगबगीने उठल्या.

"तो अजून यायचाच आहे, बाई. रोज सातले येते तो. मले पाचची गाडी पकडा लागते."