सांगवीचं स्थळ

लेकीला, शालनला सांगवीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा गेनबातात्या कुणालाही न सांगता एकटेच चौकशीला गेले. मुलगा शिकलेला, कालव्याच्या पाण्यावर द्राक्षबाग, हुंड्याचं नाव नाही. इतकं सगळं चांगलं म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं तात्यांना वाटत होतं. त्यांनी एसटीडी बूथवाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं आणि शेवटी मुलाच्या शेजारच्या सरुबाईला गाठलं.

"मावशी, खरं सांगा. पोराचा थोरला भाऊ बायकूला मारतो का?"

"न्हाय बा. त्यांचा बाप बी कवा मारत नव्हता."

"दारू पिऊन तरी?"

"दारूच न्हाय त्या घरात. परवा थोरलीनं चारचौघांत त्याला उलट उत्तर दिलं, तर ह्यो बाबा हसत बसला!"

तात्यांनी तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हती.

संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा बायको पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. शालन दाराआड उभी होती.

"त्या घरात बाईवर कुनी हात उचलत न्हाय. पक्की खबर हाय," तात्या म्हणाले.

बायकोचे डोळे भरून आले. "अवो, मंग सुपारी फोडा की!"



"येडी हाईस का? पोरगी पंचमीला माहेरी येनार, तितलं समदं हितं सांगनार. मंग आपल्या सुनांना धाकात कोन ठेवनार?"